यंत्रांची बोली

आमचा भाचा चाकणला एका कारखान्यात आहे. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, आज रोबो लाइनशी बोलतच नव्हता, म्हणून उशीर झाला." जन्मभर मराठी शिकवल्यामुळे असेल, मी त्या 'बोलत नव्हता'पाशीच अडकले. यंत्र बोलतं कोणाशी? आणि कुठल्या भाषेत? जरा शोधायला बसले, तर भाषांच्या भांडणाचं मोठंच प्रकरण निघालं.

कारखान्यातला पहिला रोबो म्हणजे युनिमेट. १९६१ साली तो अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनजवळ जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायचे, एवढंच त्याचं काम. त्या काळी यंत्रांचं बोलणं म्हणजे मानेनं हो-नाही करणं. 'साचा उघडला' सांगायला एक तार, 'उचललं' सांगायला दुसरी. जितक्या खबरी तितक्या तारा, आणि त्या सांभाळायला रिलेंनी भरलेली कपाटं. गाडीचं मॉडेल बदललं की कपाटातल्या तारा नव्यानं जोडायच्या! या कटकटीला कंटाळून १९६८ मध्ये जनरल मोटर्सनं दुसरी सोय मागितली. डिक मॉर्ली आणि त्यांच्या मंडळींनी ती दिली, तिचं नाव मोडिकॉन ०८४. (त्यांचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४. बारशाची ही पद्धत मला आवडली.) यालाच पुढे पीएलसी म्हणू लागले.

आता लाइनला स्वतःचा मेंदू आला. रोबोच्या कंट्रोलरलाही स्वतःचा मेंदू होताच. पण प्रत्येक कंपनीनं आपापली बोली काढली आणि ती राखून ठेवली. गिऱ्हाईक एकदा आपल्या बोलीत शिरलं की बाहेर पडत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

याचा फटका बसला तो सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला. जपानी गाड्यांनी बाजार खायला सुरुवात केली तेव्हा जनरल मोटर्सनं रोबोंवर पाण्यासारखा पैसा ओतला. १९८२ साली तर जपानच्या फानुकबरोबर रोबो बनवणारी कंपनीच काढली. पण विकत घेतलेली यंत्रं एकमेकांशी बोलेनात. म्हणून १९८० पासून त्यांनी एक सामाईक भाषा घडवायला घेतली होती, तिचं नाव मॅप. आमच्याशी धंदा करायचा तर हीच भाषा बोला, असा एकूण आविर्भाव.

मॅपची रीत शिस्तीच्या वर्गासारखी होती. खडू ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं, मग खडू पुढच्याला द्यायचा. त्यामुळे आपली पाळी कधी येणार हे प्रत्येकाला ठाऊक. उलट बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये मांडलेली इथरनेट म्हणजे मधल्या सुट्टीतला वर्ग. कोणी बोलत नाही असं पाहून बोलायचं, दोघं एकदम बोलले तर दोघांनी गप्प बसून थोड्या वेळानं पुन्हा सुरू करायचं. कारखान्यात असला बेभरवसा कसा चालेल, असं इंजिनिअरांचं म्हणणं. ते चूक नव्हतं.

तरीही मॅप पडली. एकतर ती महाग. शिवाय लहानसहान उपकरणांना ती फार जड. आणि कहर म्हणजे, १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेली तिसरी आवृत्ती आधीच्या आवृत्तीशी जुळेना. ज्यांनी आज्ञाधारकपणे आधी पैसे घातले, तेच बुडाले! मला त्यांचं फार वाईट वाटलं. इकडे इथरनेट कचेऱ्यांतून पसरत स्वस्त होत गेली आणि पुढे प्रत्येकाला स्वतंत्र वाट देणारे स्विच आल्यावर तिचा गोंधळही मिटला. मॅपची एक लेक मात्र तगली. एमएमएस नावाचा तिचा भाग आज विजेच्या उपकेंद्रांत वापरला जातो.

युरोपात वेगळंच महाभारत चाललं होतं. एकच जागतिक प्रमाणभाषा ठरवायला बसलेल्या समितीनं वर्षानुवर्षं भांडून २००० साली जे प्रमाण छापलं, त्यात एक नव्हे, आठ भाषा होत्या. साहित्य संमेलनाचा ठराव बरा! आजही रोबो घेताना प्रोफिनेट हवं की इथरकॅट की आणखी काही, हे ठरवून तशी सोय मागून घ्यावी लागते.

एक निरोप मात्र कारखान्यांनी बराच काळ या नव्या भाषांच्या हवाली केला नाही. तो म्हणजे 'थांब'. २५ जानेवारी १९७९ रोजी मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथे फोर्डच्या ओतकाम कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा पंचवीस वर्षांचा कामगार माल काढायला मांडणीवर चढला आणि यंत्राच्या हाताचा फटका बसून जागीच गेला. माणूस आत आलाय हे त्या यंत्राला कळायची सोयच नव्हती. अशा ठिकाणी बोलीवर कोण विसंबेल? म्हणून थांबवण्याची तार वेगळीच ठेवायची. १९९० च्या दशकाच्या शेवटी प्रोफिसेफसारखी पद्धत आली तेव्हा कुठे हा निरोप जाळ्यातून जाऊ लागला. तिथे दोन्ही टोकांनी एकमेकांना सतत निरोप पाठवत राहायचं, प्रत्येक निरोपाची क्रमवार नोंद ठेवायची, आणि ठरलेल्या वेळात पुढचा निरोप आला नाही तर 'सगळं ठीक असेल' असं न धरता यंत्र थांबवायचं.