चांद्याची हवा आणि आपली माणसे

आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा मिळून पूर्वी एकच चांदा जिल्हा होता; गडचिरोली १९८२ साली वेगळा झाला. या मुलखात आपल्या ज्ञातीची बहुतेक कुटुंबे पोटापाण्याच्या निमित्ताने बाहेरून आली. १८७० च्या दशकात वरोऱ्याची कोळशाची खाण व तेथवर आलेला लोहमार्ग यांनी वाट उघडली. पुढे बल्लारपूरची कागदगिरणी, जंगलखाते, शाळा व कचेऱ्या यांनी ती रुंद केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यावर कोकण व देशावरील नोकरदारांच्या बदल्याही इकडे होऊ लागल्या. ‘चांद्याला बदली’ एवढे शब्द कानी पडताच घरावर सुतकी कळा पसरे.

ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. समुद्रापासून दूर, अवघ्या १९० मीटर उंचीवर वसलेल्या चंद्रपुरात वैशाखात पारा ४६ अंशांपलीकडे जातो. आणि मृग लागला की पूर्वेकडील अरण्यात नद्या-नाले रस्ते गिळतात व हिवताप डोके वर काढतो. येथील हवेला अशी दोन तोंडे आहेत. कोकणच्या माणसाला पावसाची सवय, पण कोरड्या उन्हाची नाही. वऱ्हाडच्या माणसाला ऊन ठाऊक, पण जंगलातील पावसाळा अपरिचित. प्रत्येकाने अर्धी विद्या घरून आणली. उरलेली अर्धी येथे शिकावी लागली.

किनाऱ्यावर घामाने अंग भिजते, म्हणून तहानेची वेळीच जाणीव होते. येथील कोरड्या वाऱ्यात घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. मनुष्य स्वतःला धडधाकट समजतो आणि आतून मात्र सुकत असतो. उन्हाशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण एक-दोन आठवडे लागतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. नवागताला धोका अधिक तो याच दिवसांत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे शास्त्रावाचून ठाऊक होते. तहान लागण्याआधी पाणी, ताक वा कैरीचे पन्हे. डोक्याला व कानांना उपरणे. कामे सकाळच्या प्रहरी आणि दुपारी दारे बंद. मातीच्या जाड भिंती व कवेलूंचे छप्पर यांमुळे घर उशिरा तापे. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारी झुळूकही याच कोरडेपणाच्या जोरावर गार होई. पावसाळ्यात तोच पडदा निरुपयोगी ठरे.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. १९६० च्या दशकात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारने आजच्या चामोर्शी व मुलचेरा भागांत वसविले. भातशेती व पाऊस त्यांच्या रक्तात होते. येथील उन्हाळा मात्र त्यांना नव्याने सोसावा लागला. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे झोपडीत राहू लागले, तेव्हा वीज नव्हती आणि पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. रोग्यांवर उपचार करावयाचे तर आधी माडिया भाषा शिकणे त्यांना भाग पडले. शिकविण्यास आलेल्यानेही प्रथम शिष्य व्हावे, असाच या भूमीचा दंडक दिसतो.

म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. आपल्या वाडवडिलांच्या चिकाटीचे गोडवे आपण नेहमी गातो, आणि ते यथार्थही आहेत. परंतु ही चिकाटी तगली ती गोंड, माडिया, ढिवर, कोहळी आदि मूळ रहिवाशांच्या ज्ञानाच्या आधारावर. उन्हाळ्यात पाणी राखणारी येथील जुनी तळी आपण येण्यापूर्वीच बांधलेली होती. ज्यांना आपण ‘रानटी’ म्हणून हिणविले, त्यांच्याच दिनचर्येने आपली मुले जगली.

आज कवेलूंच्या जागी सिमेंटची छते आली. ती दिवसभर तापतात आणि रात्री उष्णता ओकतात. गारव्याची यंत्रे आली, पण वीज गेली की घराची भट्टी होते. अशा वेळी जुन्या विद्येचे विस्मरण परवडणारे नाही. आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे की, उन्हाळ्यात बदलून आलेल्या प्रत्येक नव्या कुटुंबाकडे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी आवर्जून जावे. भर दुपारी एकट्या असणाऱ्या वृद्धांची विचारपूस करावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेले हे उपाय, कोणत्या शेजाऱ्याकडून शिकलो त्याच्या उल्लेखासह, लिहून ठेवावेत. आपल्याला कोणीतरी असेच सांभाळून घेतले होते. ते ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.