मिरी, मोहरी आणि जातिवंत कुत्रे

वॉल्टर स्कॉटची ‘गाय मॅनरिंग’ ही कादंबरी १८१५ साली लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. आपल्याकडे स्कॉटचे नाव निघते ते बहुधा हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या संदर्भात, आणि तेव्हाही ‘आयव्हॅनहो’च्या पलीकडे सहसा कोणी जात नाही. ‘गाय मॅनरिंग’मध्ये हिंदुस्थानातून परतलेला एक कर्नल आहे, हरवलेला वारस आहे, भविष्य सांगणारी भटकी स्त्री आहे, पण वाचकांनी जीव लावला तो एका दुय्यम पात्राला. डँडी डिनमंट हा स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील डोंगराळ मुलखातला शेतकरी. धिप्पाड, मोकळ्या मनाचा, कज्जेदलालीचा शौकीन, मित्रासाठी जीव धोक्यात घालणारा. त्याच्या घरी सहा टेरिअर आहेत आणि त्या सहांना मिळून नावे दोनच : मिरी आणि मोहरी. थोरली मिरी, थोरली मोहरी, मग मधल्या, मग धाकट्या. आधी उंदीर-घुशींवर, मग कोल्ह्यावर आणि बॅजरवर सोडून त्याने ती तयार केली आहेत, आणि आता अंगावर केस असलेल्या कोणत्याही प्राण्याला ती भीत नाहीत, असा त्याला अभिमान आहे.

जेम्स डेव्हिडसन नावाचा एक खरा शेतकरी त्याच भागात राहत होता व आपल्या टेरिअरांना अशीच नावे देत होता. नावांची ही तऱ्हा आपण त्याच्याकडून उचलली, हे स्कॉटने पुढे मान्य केले. कादंबरी गाजली, लोक डेव्हिडसनलाच ‘डँडी डिनमंट’ म्हणू लागले, आणि त्याच्याकडच्या कुत्र्यांना मागणी आली. १८७५ साली या कुत्र्यांचा स्वतंत्र क्लब निघाला तेव्हा जातीचे अधिकृत नाव होते ‘डँडी डिनमंट टेरिअर’. कादंबरीतील पात्राचे नाव एका प्राणिजातीला मिळाल्याची दुसरी उदाहरणे सहज आठवणार नाहीत. रंगांची नावेही कादंबरीतूनच आली. या जातीच्या कुत्र्याचा रंग नियमानुसार ‘मिरी’ असतो किंवा ‘मोहरी’. तिसरा रंग मान्य नाही.

हे कुत्रे मागणारा शहरी गृहस्थ नेमके काय मागत होता? त्याच्या परसात बॅजर नव्हते. त्याला हवा होता तो डँडीचा रांगडेपणा, त्याचा निर्भय मोकळेपणा. दिवाणखान्यात पायाशी बसवता येईल असा. माणसाचा स्वभाव कादंबरीतून कुत्र्यात उतरला आणि कुत्र्यातून पुन्हा विकत घेणाऱ्या माणसाकडे आला. ‘तुमच्या व्यक्तिमत्त्वाला आणि राहणीला कोणत्या जातीचे कुत्रे शोभेल?’ हा प्रश्न आज इतका सरावाचा झाला आहे की तो कधीतरी प्रथमच विचारला गेला असेल, हे आपल्या ध्यानात येत नाही. आमच्या मते तो विचारायला शिकवण्यात साहित्याचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे.

कारण त्यापूर्वी कुत्र्याची ओळख कामावरून होत असे. केंब्रिजमधील एका महाविद्यालयाला ज्याचे नाव मिळाले तो वैद्य जॉन कीझ याने कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गाभ्यासकासाठी इंग्लंडमधील कुत्र्यांचे वर्णन लॅटिनमध्ये लिहिले. ते १५७० मध्ये छापले गेले आणि १५७६ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. कीझची वर्गवारी वाचताना एखाद्या गावातील बलुतेदारांची यादी वाचावी तसे वाटते. वासावर शिकार काढणारे, नजरेने पाठलाग करणारे, पाण्यातून पक्षी आणणारे, मेंढरांचे, राखणीचे आणि स्वयंपाकघरातले. या शेवटच्याचे काम चुलीजवळच्या चाकात धावून मांसाचा गज फिरवत ठेवण्याचे. लांब अंगाचे, आखूड पायांचे हे कुत्रे इंग्लंड-वेल्समधील मोठ्या घरांत पुढे तीनएकशे वर्षे राबले. गज फिरवणारी यंत्रे स्वस्त झाली आणि ते दिसेनासे झाले. कोणी त्यांना मारले नाही; काम संपले तसे वाढवणे थांबले, इतकेच. वेल्समधील ॲबरगेव्हनीच्या संग्रहालयात त्यांपैकी एक पेंढा भरून ठेवलेले आहे. त्याचे नाव व्हिस्की.

कीझच्या यादीत एकच कुत्रे असे आहे की ज्याला काम नाही : श्रीमंत स्त्रियांनी उराशी धरायचे लहानसे स्पॅनिअल. त्याच्याविषयी लिहिताना लेखणी तिखट होते. मुलांपेक्षा कुत्र्यांत अधिक रमणाऱ्या बायकांची हजेरी घेतली जाते. राहणीला साजेसे कुत्रे तेव्हा थट्टेचा विषय होते. पुढील तीन शतकांत ते आदर्श झाले.

हे स्थित्यंतर मुख्यतः व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडले, आणि त्याच्या तारखा चकित करणाऱ्या आहेत. २८ व २९ जून १८५९ रोजी न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. स्पर्धेत फक्त पॉइंटर आणि सेटर ही दोन शिकारी प्रकारची कुत्री, साठच्या आसपास. बक्षीस म्हणून बंदुका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ बाहेर पडला. जीवजाती स्थिर नाहीत असे एकजण सांगत होता, तेव्हाच त्याचे देशबांधव कुत्र्याच्या जाती स्थिर करू लागले होते! ‘द फील्ड’ या साप्ताहिकात ‘स्टोनहेंज’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉन हेन्री वॉल्शने १८६५ मध्ये ‘मेजर’ नावाच्या पॉइंटरचे वर्णन डोके, मान, खांदे, शेपूट असे अवयवागणिक गुण देऊन केले. मायकेल वॉरबॉइस आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी २०१८ मधील आपल्या पुस्तकात या मेजरला पहिले ‘आधुनिक’ कुत्रे म्हटले आहे, ते याच कारणाने. मेजर शेतात काय करतो हा प्रश्न मागे पडला. तो कसा दिसतो हा पुढे आला. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, दुसऱ्याच वर्षी वंशावळींची वही छापली गेली. उमरावांच्या घराण्यांची वंशपुस्तके ज्या समाजात मानाने चाळली जात, तिथे ही कल्पना रुजायला कितीसा वेळ लागणार? शिवाय सरदाराच्या घरी जन्म घेणे व्यापाऱ्याच्या हाती नव्हते. खानदानी कुत्रे विकत घेणे होते. प्रदर्शनांचा मोठा धंदा उभा करणारा चार्ल्स क्रफ्ट मुळात कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होता, हेही इथे नोंदवावेसे वाटते.

व्हर्जिनिया वुल्फने या साऱ्या प्रकाराची जी टर उडवली आहे तिला तोड नाही. एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीला तिच्या स्नेही मेरी मिटफर्ड यांनी दिलेले ‘फ्लश’ हे कॉकर स्पॅनिअल. त्याचे चरित्र वुल्फने १९३३ मध्ये लिहिले. स्पॅनिअलचा दोष कोणता आणि गुण कोणता हे ठरवून देणारा क्लब कुत्र्यांना आहे, माणसांच्या कुलीनतेचे मात्र सगळे मोघमच, असा तिचा सुरुवातीचा सूर. पण तेच पुस्तक पुढे गंभीर होते. फ्लश लंडनच्या चोरांनी पळवला होता, तोही खंडणीसाठी, एकदा नव्हे तर तीनदा. भारी कुत्र्याला भाव होता म्हणूनच त्याची चोरी होती. विंपोल स्ट्रीटची श्रीमंती आणि शेजारच्या वस्तीचे दारिद्र्य त्या एका प्राण्याच्या पाठीवरून एकमेकांना भेटतात. विद्यार्थ्यांनी हे पुस्तक ‘हलकेफुलके’ म्हणून बाजूला ठेवू नये, अशी आमची विनंती आहे.

इथे मराठीविषयी थोडे. कुत्र्याच्या ‘ब्रीड’ला आपण ‘जात’ म्हणतो, वंशावळ असलेल्याला ‘जातिवंत’, नसलेल्याला ‘गावठी’. हाच ‘जातिवंत’ शब्द आपल्या समीक्षेत ‘जातिवंत कवी’ म्हणून निर्धास्त वावरतो. जन्माने श्रेष्ठ आणि अस्सल, हे दोन अर्थ त्या शब्दात एकजीव झाले आहेत आणि ते वेगळे करण्याची गरज आपल्याला फारशी वाटलेली नाही. गुणवत्ता रक्तातून येते आणि ती वहीत नोंदवता येते ही कल्पना या समाजाला समजावून सांगावी लागलीच नाही. देशी कुत्र्यांचीही मग त्याच तराजूत मापे झाली. दख्खनच्या माळावर सशामागे धावणारे सडपातळ, लांब पायांचे कुत्रे तांड्यांबरोबर फिरणाऱ्यांचे, म्हणून कारवानी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला आश्रय दिला आणि ते ‘मुधोळ हाउंड’ झाले. आजही दोन वेगळ्या संस्था त्याची दोन वेगळ्या नावांनी नोंद करतात. २००५ च्या जानेवारीत टपालखात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली तेव्हा तिकिटावर नाव आले ते मुधोळचे. ज्यांनी ते कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या राखले त्या भटक्यांचे नाव मागे पडले आणि राजधानीचे टिकले, यात नवल नाही. पण ते लक्षात असावे.

स्वभाव जुळवण्याच्या प्रश्नाला शास्त्राचा पोशाख मिळाला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. स्टॅन्ली कोरेन या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाचे १९९८ मधील पुस्तक या बाबतीत प्रातिनिधिक आहे. जातींची सात गटांत विभागणी, वाचकाने स्वतःला तपासण्यासाठी प्रश्नावली, आणि मग जोडी. आपल्या पत्रिका-मेलनाची आठवण व्हावी असाच हा मामला. २००४ मध्ये मायकेल रॉय आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी ४५ कुत्री व त्यांचे मालक यांची छायाचित्रे अनोळखी लोकांपुढे ठेवली. जातिवंत कुत्र्याचा मालक ओळखणे त्यांना अंदाजापेक्षा बरे जमले. संकराच्या कुत्र्यांचा जमला नाही. माणूस आपल्यासारखा दिसणारा प्राणी निवडतो, असा निष्कर्ष निघाला. आरसा निवडावा तसा.

कुत्र्याचा स्वभाव मात्र त्या आरशात कितपत असतो? २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा जनुकसंच तपासला गेला. कुत्र्या-कुत्र्यांत वागणुकीचा जो फरक दिसतो त्यापैकी जातीने उलगडतो तो सरासरी नऊ टक्के. आज्ञा ऐकण्याचा कल यासारख्या काही गोष्टींत जातीचा हात अधिक दिसतो. चिडखोरपणात तो फारच थोडा. म्हणजे ‘या जातीचे कुत्रे प्रेमळ असते’ या वाक्याला एखाद्या विशिष्ट कुत्र्यापुढे फारसा आधार उरत नाही. कामासाठी कुत्री वाढवण्याचा इतिहास हजारो वर्षांचा, आणि दिसण्यासाठी वाढवण्याचा जेमतेम दीडशे वर्षांचा; हे ध्यानात घेतले तर या आकड्याचे आश्चर्य वाटू नये.

दिसणे मात्र खरोखर बदलले, आणि त्याची किंमत कुत्र्यांनी मोजली. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ बंद झाला आणि बुलडॉग बेकार झाला. गज फिरवणाऱ्या कुत्र्यासारखा तो नाहीसा झाला असता. प्रदर्शनांनी त्याला वाचवले आणि त्याच प्रदर्शनांनी त्याचे नाक आत दाबत व डोके रुंदावत नेले. ब्रिटनमधील जन्मांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की या जातीच्या दहांपैकी आठांहून अधिक वेती शस्त्रक्रियेने होतात. चिकाटीचे राष्ट्रीय प्रतीक म्हणून ज्याचे चित्र मिरवले जाते त्या प्राण्याला स्वतःहून विताही येऊ नये! आपल्याकडे २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे निमूट चालणारे पग आले आणि घरोघरी तसे पग हवे झाले. जाहिरातीने विकलेला गुण होता निष्ठा. विकत आलेल्या प्राण्याला चपट्या नाकामुळे धड श्वास घेता येत नव्हता, आणि कुत्र्याला अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापणे. मे महिन्यातील नागपुरात किंवा दमट मुंबईत त्या निष्ठेची घरघर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

तेव्हा कुत्रे निवडूच नये, असे आम्ही म्हणत नाही. घरात दिवसभर कोण असते, जिने किती, फिरवायला पहाटे कोण उठणार, पुढची बारा वर्षे हे कोण निभावणार, हे राहणीचे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे देता येतात. खोटा आहे तो दुसरा भाग : मी कोण आहे याचे उत्तर एका जातीच्या नावात शोधणे. गल्लीच्या तोंडाशी बसणारे गावठी कुत्रे कोणाच्याच व्यक्तिमत्त्वाचा पुरावा होत नाही, म्हणून ते निवडले जात नाही. उलट एखाद्या घराला ते स्वतःच निवडते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल.

राहता राहिली डँडीची मिरी-मोहरी. हे कुत्रे आज ब्रिटनमधील धोक्यात आलेल्या देशी जातींच्या यादीत आहे. वर्षाला तीनशेहून कमी पिल्लांची नोंद होते अशा जातींची ही यादी. प्रदर्शनात ते येते ते डोक्यावर रेशमी केसांचा पांढुरका फुगा घेऊन, अलगद विंचरलेले. आणि ज्या कामासाठी डँडीने त्याला तयार केले ते बॅजर उकरून काढण्याचे काम आता ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.