सायकल फेरीची तयारी : थोडा इतिहास, थोडा हिशेब



कुंभकोणम ते गोविंदपुरम अशी सामुदायिक सायकल फेरी काढावी, ही सूचना आपल्या मंडळाच्या बैठकीत आली आणि एकमताने मान्य झाली. मात्र कोणी जायचे यावर लगेच दोन मते पडली! तरुण मंडळींचे म्हणणे असे, की वीस-पंचवीस जणांनी चांगल्या सायकली घेऊन जावे, दोन तासांत परत यावे. ज्येष्ठांचे म्हणणे असे, की महिला, मुले आणि साठीच्या पुढचे लोक नसतील तर ती मंडळाची फेरी कसली? निकाल कार्यकारिणी लावेलच. तोपर्यंत, पूर्वी माणसे समूहाने वाटेला लागली तेव्हा त्यांनी तयारी कशी केली, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. मी रेल्वेत नोकरी करणारा डिप्लोमा इंजिनिअर, इतिहासाचा पंडित नव्हे. परंतु वेळापत्रक, दुरुस्ती आणि सुरक्षा हे आमचे रोजचे काम असल्याने या विषयाकडे त्याच नजरेने पाहिले आहे.

दिंडीची शिस्त

समूहाने प्रवास करण्याचे शास्त्र मराठी माणसाला बाहेरून शिकावे लागत नाही. आपल्याकडे पंढरीची वारी आहे. श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे स्वरूप दिले ते हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हे सातारा जिल्ह्यातील आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. फौजेच्या मुक्कामाची, कूच करण्याची शिस्त त्यांना ठाऊक होती. ती त्यांनी भक्तीच्या कामी लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे व तंबू मिळाले. दिंड्यांना क्रमांक लागले. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे. कोणी कोणाच्या पुढे घुसायचे नाही.

मुक्कामी समाजआरती होते तेव्हाची पद्धत तर फारच शिकण्यासारखी आहे. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते, हरवले-सापडलेल्याची माहिती दिली जाते आणि त्यानंतरच आरती होते. म्हणजे मागे राहिलेल्या माणसाचा आवाज पुढच्यापर्यंत पोहोचविण्याची सोय त्या काळीच करून ठेवलेली होती!

कप्तान आणि बिगुल

सायकलीचा समूहप्रवास सुरू झाला इंग्लंडात. १८७८ साली हॅरोगेट या गावी सायकलवरून पर्यटन करणाऱ्यांचा एक क्लब स्थापन झाला. तेव्हाची सायकल म्हणजे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे चिमुकले. आपल्या ओळखीची, साखळीवर चालणारी, दोन सारख्या चाकांची सायकल जॉन स्टार्ले यांनी १८८५ मध्ये आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर केला आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन सर्वसामान्यांचे झाले.

त्या काळच्या क्लबांत फेरीच्या पुढे कप्तान असे. बरोबर बिगुलवाला असे. चढा, उतरा, थांबा हे तो बिगुलावर सांगे. क्लबने धोक्याच्या उतारांवर पाट्या लावल्या. गावोगावी एकेक प्रतिनिधी नेमला. पुढचा रस्ता कसा आहे, दुरुस्ती कोठे होईल, मुक्काम कोठे करावा, हे तो सांगे. म्हणजे सायकलस्वार घरून निघण्याआधीच निम्मी फेरी कागदावर पूर्ण झालेली असे.

मुंबईचे सहा जण

आपल्या देशातले एक धाडस येथे सांगितले पाहिजे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमान कापडिया ही त्यांची नावे. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट तुडवीत ते युरोपात आणि पुढे अमेरिकेत गेले. १८ मार्च १९२८ रोजी, साडेचार वर्षांनी आणि सुमारे ७१,००० किलोमीटरनंतर, मुंबईत परतले ते मात्र तिघेच : हकीम, बापासोला आणि भुमगरा. कापडिया घरगुती कारणाने तेहरानहून मागे फिरले होते. दुसरे दोघे अमेरिकेपर्यंत पोहोचून वेगळे झाले. त्यांनी लिहिलेल्या प्रवासग्रंथाला पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

या वीरांना त्रिवार वंदन! परंतु हे लक्षात घ्यावे, की ते सर्व जण व्यायामशाळेत घडलेले पहिलवान गडी होते. तरीही सहापैकी तीन परतले. विक्रमासाठी निघणे वेगळे आणि सर्वांना घेऊन जाणे वेगळे. आपल्या फेरीला खरा धडा मिळतो तो शेजारच्याच जिल्ह्यात.

पुदुक्कोट्टैच्या भगिनी

तंजावरला लागून असलेल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ साली ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरता मोहीम सुरू झाली. अरिवोळी म्हणजे ज्ञानाचा प्रकाश. त्या वेळच्या जिल्हाधिकारी श्रीमती शीला राणी चुंकत यांनी मोहिमेत एक गोष्ट जोडली : अक्षर-अंकांबरोबर स्त्रियांना सायकल शिकविणे. कारण साधे होते. शिकवायला जाणाऱ्या कार्यकर्त्या आणि शिकणाऱ्या बाया, दोघींनाही गावाबाहेर पडायला कोणाची तरी वाट पाहावी लागे. नवऱ्याची, भावाची किंवा बसची.

शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका, अशा बायांनी सायकल शिकायला सुरुवात केली. रविवारी गावात सायकल शिकविण्याची शिबिरे भरत, आणि बाया ठेवणीतली लुगडी नेसून त्यांना येत. सायकलीवर गाणी रचली गेली. टोमणेही ऐकावे लागले. पुरुषांनी नावे ठेवली. बायांनी पायडल मारणे सोडले नाही. लेडीज सायकली बाजारात पुरेनात, तेव्हा त्यांनी दांड्याच्या जेंट्स सायकली घेतल्या. कित्येकींना तीच पसंत पडली, कारण दांड्यावर मूल बसविता येते! आणि ८ मार्च १९९२ रोजी, महिला दिनी, दीड हजारांवर बाया हँडलला झेंडे लावून, घंटा वाजवीत पुदुक्कोट्टै शहरातून निघाल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारे लिहून ठेवल्यामुळे जगाला कळले. जिल्ह्यात सायकल शिकलेल्या स्त्रियांची संख्या एक लाखाच्या घरात गेली, असे ते सांगतात.

त्या दिवशीची मिरवणूक तासा-दोन तासांची असेल. तिच्यामागे कित्येक महिन्यांचे रविवार होते. मुंबईच्या सहा जणांजवळ ताकद तयार होती. पुदुक्कोट्टैला ती तयार करावी लागली, आणि जिने आयुष्यात कधी सायकलला हात लावला नव्हता तिच्यापासून सुरुवात करावी लागली.

आपली वाट

आता आपल्या फेरीकडे वळू. ही वाट का निवडली, हे मुलांना सांगितले पाहिजे. आपल्यापैकी कित्येक घरे गलाईच्या व्यवसायानिमित्त खानापूर, आटपाडी, तासगावकडून आलेली आहेत. काही घरे तंजावरच्या राज्याच्या काळापासूनची. एकोजीराजे भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे मराठी राज्य टिकले. आपण जेथून निघणार ते कुंभकोणम हे राजा सर टी. माधवराव यांचे जन्मगाव (१८२८). त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारा हा तंजावरी मराठी माणूस. इंदूरचे दिवाण झालेले रघुनाथराव हेही कुंभकोणमचेच.

निघाल्यावर पहिले मोठे गाव तिरुभुवनम. चोळांचे मंदिर आणि रेशमाचे माग यांसाठी प्रसिद्ध. पुढे तिरुविडैमरुदूर, म्हणजेच मध्यार्जुन क्षेत्र. १७९८ मध्ये कंपनी सरकारने अमरसिंहराजांना गादीवरून दूर करून सरफोजीराजांना बसविले, तेव्हा अमरसिंहांनी येथे येऊन आपला दरबार मांडला. महालिंगस्वामींच्या देवळात रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? आणि शेवटी गोविंदपुरम : नामसंकीर्तनाचे आचार्य बोधेंद्र स्वामींचे अधिष्ठान, आणि त्याच गावी २०११ साली उभे राहिलेले विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर. कावेरीच्या काठी पंढरीचा विठोबा! जाऊन-येऊन साधारण पंचवीस किलोमीटर. चढ-उतार जवळजवळ नाहीच. त्रास झाला तर वाऱ्याचा आणि उन्हाचा.

तयारीचा हिशेब

दिवस : ऑक्टोबर ते डिसेंबर येथे पावसाचे. म्हणून पोंगलनंतर, २६ जानेवारी हा सुटीचा दिवस बरा. त्या सुमारास सांबा भाताची कापणी चालू असते आणि शेतकरी रस्त्यावर भात वाळत घालतात. त्यावरून चाक घसरते, शिवाय ते कोणाचे तरी वर्षाचे अन्न आहे. आदल्या दिवशी दोघांनी पूर्ण वाट पाहून यावी. साडेसहाला, उजाडताच निघावे.

सायकल : आठ दिवस आधी सर्व सायकलींची तपासणी. दोन्ही ब्रेक, टायरची हवा, साखळीला तेल. सीट फार खाली ठेवू नये, गुडघे दुखतात. पंक्चरचे सामान व पंप प्रत्येक गटाकडे हवा. हेल्मेट मुलांना सक्तीचे.

शिकवणी : ज्या वहिनी, काकू, आक्का यांना सायकल येत नाही किंवा सवय मोडली आहे, त्यांच्यासाठी दसऱ्यापासून दर रविवारी सकाळी, पाऊस नसेल तेव्हा, मैदानावर वर्ग. शिकविण्याचे काम तरुण मंडळींनी घ्यावे. ज्यांना गुडघ्यांमुळे शक्य नाही त्यांच्यासाठी टेम्पो आहेच. पाणी आणि औषधेही त्यातच.

रचना : दहा-दहा जणांची एक दिंडी. पुढे एक चोपदार. त्याने ताशी बारा किलोमीटरपेक्षा वेग वाढवायचा नाही. दर चार-पाच किलोमीटरला पाणी. थांबल्यावर आधी मोजणी, मग चहा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आमच्या रेल्वेत गाडीच्या शेवटच्या डब्यामागे ‘एल. व्ही.’ अशी पाटी असते, रात्री लाल दिवा. ती दिसल्याखेरीज गाडी पूर्ण आली असे धरले जात नाही. इंजिन फलाटावर येऊन उभे राहिले तरी चालत नाही! आपल्या फेरीतही सर्वांत मागे एक अनुभवी, दमदार गडी लाल झेंडा घेऊन असावा. फाटक लागले, कोणाची साखळी उतरली, कोणी दमले, तर हा त्यांच्याबरोबर थांबेल. हा झेंडा गोविंदपुरमच्या देवळाशी पोहोचेल तेव्हाच फेरी पोहोचली असे जाहीर करावे, आणि आरती त्यानंतर.

तरुण मित्रांनो, दोन तासांत जाऊन येण्याची तुमची ताकद आहे, याबद्दल शंका नाही. त्या ताकदीची खरी गरज मागे आहे. तो लाल झेंडा तुमच्यापैकी कोण घेणार, त्याचे नाव अनंत चतुर्दशीच्या आत कार्यवाहांकडे द्यावे, ही नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!