न्यूयॉर्कमधील पहिला आठवडा : डॉ. आंबेडकर आणि निवासाचा प्रश्न

जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर राहिले. तेथील जेवण, विशेषतः गोमांसाचे पदार्थ, न रुचल्याने त्यांनी कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये बिऱ्हाड हलविले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला. चरित्रांत हा तपशील ओझरता येतो. वस्तुतः तो अधिक विचारास पात्र आहे. येथे जागा बदलण्यामागे केवळ स्वतःची आवडनिवड होती. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा मात्र जागाच मिळेना. पारशी नाव धारण करून ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या मंडळींनी त्यांना संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास बजावले.