सरकारी इमारतींतील वीजबचत: नगरपालिकांसाठी माहिती

पालिकेचे मुख्य कार्यालय, रुग्णालय, शाळा, नाट्यगृह यांची वीजबिले नागरिकांच्या करातूनच भरली जातात. देशातील बहुतांश वीज आजही कोळशापासून तयार होते. त्यामुळे एक युनिट वीज वापरली की सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बिल आणि उत्सर्जन अशा प्रकारे एकाच मीटरवर मोजता येते.

कार्यक्रम काय आहे?

एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड, अर्थात ईईएसएल, ही केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील कंपनी 2009 मध्ये स्थापन झाली. 2017 मध्ये तिने सरकारी इमारतींसाठी ऊर्जा कार्यक्षमता कार्यक्रम सुरू केला. त्यात जुने दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रे काढून कमी वीज घेणारी उपकरणे बसवली जातात. सुरुवातीचा खर्च कंपनी करते आणि विभाग तो पुढे हप्त्यांनी फेडतो. 2015 पासूनच्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमामुळे ही पद्धत अनेक पालिकांच्या परिचयाची आहे. पालिकेला स्वतः निविदा काढून इतर ऊर्जा सेवा कंपनीशीही असा करार करता येतो.

बचत किती होते?

जुना छताचा पंखा साधारण 70 वॉट घेतो, नव्या बीएलडीसी मोटरचा सुमारे 30 वॉट. पंखा वर्षाला 2,500 तास चालला, तर 100 युनिट वाचतात, म्हणजे सुमारे 70 किलो उत्सर्जन टळते. 300 पंख्यांच्या इमारतीत हा हिशेब 30,000 युनिट आणि 21 टनांवर जातो.

वातानुकूलनात तर खर्च न करताही बचत होते. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजेच बीईई, सांगते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेले खोलीचे एसी 24 अंशांवर पूर्वनिश्चित करून येतात. रिमोट मात्र कर्मचाऱ्यांच्याच हाती असतो. खिडकीसमोर फायलींचे कपाट उभे केले, तर भर दुपारीही दिवे लावावे लागतात, मग ते एलईडी असले तरी.

करार करताना काय पाहावे?

अडचण बहुधा उपकरणांत नसते, हिशेबात असते. हप्ता बचतीतून फेडायचा असेल, तर आधीचा वापर नेमका माहीत हवा. किमान बारा महिन्यांची बिले, प्रत्येक मीटरवर कोणती इमारत किंवा मजला आहे याची नोंद आणि उपकरणांची प्रत्यक्ष मोजणी ही तयारी ऊर्जा लेखापरीक्षणापूर्वीच करावी. बंद पडलेले पंखे चालू म्हणून मोजले गेले, तर कागदावर बचत फुगते आणि पालिका न झालेल्या बचतीचे पैसे भरते. याउलट, करारानंतर नवीन विभाग सुरू झाला किंवा वीस एसी वाढले, तर वापर वाढतो आणि चांगले कामही फसल्यासारखे दिसते. अशा बदलांचा हिशेब कसा करायचा, हे करारातच लिहिलेले असावे. मोजमाप कोण करणार आणि बिघडलेले उपकरण किती दिवसांत बदलून मिळणार, हेही त्यातच यावे.

भार कमी झाल्यावर वीज वितरण कंपनीकडे करारबद्ध मागणी कमी करण्याचा अर्ज करण्याचे अनेकदा राहून जाते. मोठ्या जोडणीच्या बिलात मागणी आकार वेगळा लागतो. अर्ज केला नाही, तर युनिट घटूनही तो आकार फारसा उतरत नाही.

छतावर सौर पॅनेल बसवायचे असल्यास क्रम लक्षात ठेवावा: आधी वापर कमी करावा, मग सौर संचाची क्षमता ठरवावी. उलट केल्यास गरजेपेक्षा मोठा संच गळ्यात पडतो.

नवीन इमारत बांधताना

100 किलोवॉट किंवा अधिक जोडभाराच्या, अथवा 120 केव्हीए किंवा अधिक करारबद्ध मागणीच्या व्यावसायिक इमारतींसाठी बीईईने 2007 मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली आणि 2017 मध्ये ती सुधारली. संहिता आपल्या राज्यात कोणत्या स्वरूपात लागू आहे, हे आराखडा मंजूर होण्यापूर्वी तपासावे.

संपर्क

ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 नुसार प्रत्येक राज्यात यासाठी एक नियुक्त संस्था असते. महाराष्ट्रात हे काम महाऊर्जा पाहते. प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकांबाबत तेथे विचारणा करावी.