समाजशास्त्र की समाजकार्य? पालघर-बोईसरच्या विद्यार्थ्यांपुढील दोन वाटा

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला निघालेल्या कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्यांची संख्या मोठी असते. त्याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे मात्र पावसाळा सरला की वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. जिल्ह्यात एवढे कारखाने असताना हे स्थलांतर का होते, हा प्रश्न समाजशास्त्राचा. भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा आणि गरोदर स्त्रीचा आहार यांची सोय कशी लावायची, हा प्रश्न समाजकार्याचा. प्रवेशअर्ज भरताना हे दोन्ही विषय एकच समजले जातात आणि ही गफलत नोकरीच्या वेळी महागात पडते.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. १९२४ पासून साडेतीन दशके तो सांभाळणारे डॉ. गो. स. घुर्ये मूळचे मालवणचे. त्यांनी महादेव कोळी जमातीवर लिहिलेला ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. जव्हारचे मुकणे संस्थानिक याच जमातीचे, तेव्हा पालघरच्या विद्यार्थ्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. विस्थापन, उपजीविका, सामूहिक स्मृती ही पाठ्यपुस्तकातील प्रकरणे येथे चालत जाऊन पाहता येतात. अर्थात सिद्धान्त, संशोधनपद्धती आणि सांख्यिकी यांची बैठक पक्की हवी. तिच्याविना हे पाहणे नुसती सहल ठरते.

समाजकार्याचे शिक्षण व्यावसायिक आहे. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. तेच आजचे देवनारचे टाटा समाजविज्ञान संस्थान. १९५५ मध्ये निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय सुरू झाले. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती वर्गात शिकवल्या जातात; मात्र खरी कसोटी क्षेत्रकार्याची. आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात किंवा संस्थेत काढावे लागतात आणि त्याचा अहवाल मार्गदर्शकापुढे ठेवावा लागतो. घरी बसून परीक्षा देण्याचा हा विषय नव्हे. (१९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढून पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा रुजवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे ही पदवी नव्हती. आजच्या जाहिराती मात्र ती मागतात.)

समाजशास्त्राच्या पदवीनंतर स्पर्धा परीक्षा, अध्यापन, संशोधन, पत्रकारिता अशी क्षेत्रे खुली होतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा असतो. मात्र रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक, समुपदेशक अशा अनेक पदांसाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवीच लागते. तेथे समाजशास्त्राचे एम. ए. चालेलच असे नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेतही हे दोन स्वतंत्र विषय आहेत. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला सर्वसाधारणपणे एम. एस. डब्ल्यू.कडे वळता येते, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब.

तारापूर वसाहतीमुळे आणखी एक क्षेत्र हाताशी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत ही मर्यादा अडीचशेवर आणली गेली. शिवाय कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. हे प्रकल्प राबवायला वारली वा कातकरी पाड्यावर बोलता येणारा माणूस लागतो. ती बोली घरातूनच घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने तिला उणेपणा मानू नये. मुलाखतीत ती आवर्जून सांगावी.

एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली, तरी विरारच्या पुढे फेऱ्या मोजक्याच. कालिना किंवा देवनारला रोज ये-जा करून क्षेत्रकार्य सांभाळणे कठीण. म्हणून वसतिगृहाची चौकशी प्रवेशाबरोबरच करावी. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. तहसील कार्यालयातून जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवलेला बरा. जूनमध्ये तेथे रांगा लागतात.