‘सोलारिस’ : अज्ञात नेमकं कुठे आहे?

१९६१ हे साल आपण लक्षात ठेवू. एप्रिलमध्ये युरी गागारिन पृथ्वीला फेरी मारून आला. त्याच वर्षी पोलंडमध्ये स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ कादंबरी प्रसिद्ध झाली. जगभर अवकाशविजयाचा जल्लोष चालला होता आणि लेम मात्र विचारत होते, की तिथे जे भेटेल ते आपल्याला कळणारच नसेल तर?

सोलारिस हा ग्रह एका महासागराने व्यापलेला आहे. तो महासागर जिवंत आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास करूनही शास्त्रज्ञांना तो उलगडत नाही. उलट तोच त्यांच्या मनातलं बाहेर काढतो. केल्विन हा मानसशास्त्रज्ञ तिथल्या अवकाशस्थानकावर पोहोचतो, आणि झोपेतून जागा होतो तर समोर त्याची बायको हारी! तिने तर काही वर्षांपूर्वीच आत्महत्या केलेली असते.

१९७२ साली आंद्रेई तारकोव्स्की यांनी यावर चित्रपट केला. त्यातला एक बारकावा बघा. हारीच्या पोशाखाला पाठीवर नाडी आहे, पण ती सुटतच नाही. शेवटी कात्री लावावी लागते. ही हारी केल्विनच्या आठवणीतून घडलेली आहे. त्याला पोशाख आठवतो, तो उघडतो कसा हे आठवत नाही. मग जिच्यासाठी तो झुरतोय ती हारी, की त्याला जेवढी कळली होती तेवढीच हारी?

लेमना हा चित्रपट रुचला नाही. पृथ्वीवरचं घर, वडील, अपराधीपणा यांनी महासागराला मागे ढकललं, अशी त्यांची तक्रार होती. २००२ साली स्टीव्हन सोडरबर्ग यांनी नवरा-बायकोच्या नात्यावर आणखी भर दिला, तेव्हा आपण अवकाशातली प्रेमकथा लिहिली नव्हती, असं लेमनी पुन्हा बजावलं.

तक्रार रास्त आहे. पण कादंबरीतच एक गोष्ट आहे, ती आपण विसरू नये. भांडणानंतर केल्विन हारीला एकटी सोडून गेला होता. तिच्या मनात काय चाललंय, हे त्याला उमगलं नव्हतं. म्हणजे अज्ञात आधी त्याच्या घरातच होतं. आणि महासागराने पाठवलेली हारी? आपण खरी हारी नाही, हे कळल्यावर ती स्वतःहून नाहीशी व्हायला तयार होते. त्याच्या कुठल्याच आठवणीत नसलेला हा निर्णय तिचा एकटीचा आहे. आठवणीतून घडलेली बाईसुद्धा शेवटी आठवणीत मावत नाही.